टाकी रिकामी करणे आहे

प्रवासवर्णन लिहिणारी माणसं मोठी सोवळी असतात. कुठल्या गावी मिसळ खाल्ली, कुठल्या खानावळीत ठेच्यानं डोळ्यांत पाणी आणलं, हे पानंच्या पानं भरून लिहितील; त्या मिसळीचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, यावर मात्र अळीमिळी गुपचिळी. ही परंपरा मोडायची मलाही हौस नव्हती. पण जालना जिल्हा मी पाहिला तो एका टाकीपायी. ती टाकी वगळून लिहायचं तर माझ्याकडे मोसंबीखेरीज काही उरत नाही.

टाकी माझ्या साडूंची. साडू निम्मं आयुष्य ओहायोत काढून निवृत्तीनंतर ठाण्याला परतले आणि येताना घरासकट हिंडायचं खूळ घेऊन आले. इथे एक लांबलचक गाडी घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, मोरी आणि संडास बसवून घेतला. गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या. अंघोळीचं नि भांड्यांचं पाणी जातं ती करडी, उरलेलं जातं ती काळी. ओहायोत म्हणे अशा गाड्यांसाठी जागोजागी सोय असते. गाडी लावायची, तीन इंची जाड नळी जमिनीतल्या भोकात सोडायची, झडप ओढायची, की पृथ्वी बाकीचं काम करते. पण त्यासाठी भोक टाकीपेक्षा खाली पाहिजे. आपल्याकडे भोक कुठे असेल आणि किती उंचावर असेल याचा नेम नाही, म्हणून दूरदर्शी साडूंनी मॅसरेटर पंप आणला होता. नाव ऐकून माझ्या बायकोला ते त्यांच्या ओहायोतल्या वकिलाचं वाटलं होतं.

मिक्सरची मोटर आडवी निजवावी, एवढासा तो पंप. पुढे पोलादी पाती, त्यामागे रबरी इंपेलर. गाडीच्या बॅटरीवर, म्हणजे 12 व्होल्टवर चालतो, 15-16 अँपिअर ओढतो, टाकीत जे काही असेल ते पात्यांखाली दळतो आणि बागेला पाणी घालायच्या साध्या पाइपमधून मिनिटाला 45 लिटरच्या आसपास बाहेर फेकतो. चढावरसुद्धा. ही सगळी माहिती साडूंनी मला शहापूर ते सिन्नर या टापूत सांगितली. बाहेर सह्याद्री होता, पण तो पाहायची परवानगी मिळाली नाही.

आम्ही निघालो होतो लोणारला. साडू, माझी मोठी मेहुणी, मी, बायको आणि दोन्ही जावयांना सारख्याच संशयानं वागवणाऱ्या सासूबाई. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. त्यावर गाड्या अशा सुटतात की निसर्ग बाहेर दिसत नाही आणि आतला थोपवता येत नाही. साडूंच्या गाडीत ती चिंता नव्हती, म्हणून सगळ्यांनी मनसोक्त चहा घेतला. तिथेच हिशेब फसला.

ओहायोचा हिशेब कागदाचा. तिथे टाकीत पाणी कमी आणि कागद जास्त जातो. आपलं सगळं पाण्यावर. त्यात आमच्या सासूबाईंना तांब्यावर तांबे ओतल्याशिवाय शुद्ध झाल्यासारखं वाटत नाही. जी टाकी आठवडा पुरायची, ती संभाजीनगर मागे पडेपर्यंत गच्च. संडासाच्या दाराजवळ लाल दिवा लागला. साडू म्हणाले, "सेन्सर आहे तो. काड्यांना काहीतरी चिकटतं, मग उगाच 'फुल' दाखवतो." थोड्या वेळानं वास आला. त्याला मात्र कुठल्या काड्या नव्हत्या. आम्ही जालन्याच्या फाट्यावर महामार्ग सोडला.

'जालना सोने का पालना' असं म्हणतात. पाळणा आला की दुपटी आलीच, ती आम्ही घेऊन आलो होतो.

गावाचा लौकिक खरोखर मोठा. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली इथे बियाण्यांची कंपनी काढली आणि 1998 साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळालं. दुसरा धंदा सळईचा. देशभरचं भंगार इथल्या भट्ट्यांत येतं आणि घरं बांधायची सळई होऊन बाहेर पडतं. म्हणजे लोकांनी टाकलेलं आनंदानं उतरवून घेणारं हे गाव. आमचाच माल तेवढा कोणी उतरवून घेईना.

पहिल्या पेट्रोल पंपावर साडूंनी अदबीनं विचारलं, "तुमच्या सेप्टिक टँकमध्ये आमची टाकी रिकामी करू का? तीन मिनिटांचं काम आहे." पोऱ्यानं मालकाला बोलावलं, मालकानं गाडीला प्रदक्षिणा घातली, आत डोकावून शेगडी पाहिली, पलंग पाहिला, संडास पाहिला. "हे सगळं घेऊन फिरता?" म्हणाला. "मंग घरी कामून नाही राहत?" या प्रश्नाला माझ्या मेहुणीकडे बरीच वर्षं उत्तर नव्हतं. तिला माणूस लगेच आवडला. टाकीचं मात्र नाही म्हणाला.

पुढे एका वेल्डिंगच्या दुकानात नुसता पत्ता विचारायला थांबलो. सळईच्या गावात कुठलीही अडचण पोलादानं सुटते अशी श्रद्धा असते. वेल्डर गाडीखाली सरपटत गेला आणि पाठीवर निजूनच बोलला, "साहेब, खालून चार इंची पाइप टाकतो, कॉक बसवतो, दोरी तुमच्या हाताशी आणून देतो. चालत्या गाडीत ओढायची. कोण बघतंय?" आपली रेल्वे बायोटॉयलेट येईपर्यंत याच तत्त्वावर चालली, तेव्हा सूचना अगदीच परंपरेबाहेरची नव्हती. साडू मात्र इतके पांढरे पडले की वेल्डरनं त्यांना पाणी दिलं. मागे उभ्या एकानं, "कशाला खर्च करता, नाला हाये की," असं सुचवलं. सासूबाई याच पक्षाच्या होत्या. अंधार पडला की कोणाला कळतंय, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना गुड मॉर्निंग पथकाची आठवण दिली. उघड्यावर बसणाऱ्याला पहाटे टॉर्च मारून गुलाबाचं फूल देणारी ही महाराष्ट्राची खास योजना. एकट्या माणसाला एक फूल, तर अख्ख्या टाकीला काय देतील, या विचारानं त्या गप्प झाल्या.

मेहुणी तोवर फोनवर नकाशा चाळत होती. ती एकदम ओरडली, "अहो, घाणेवाडी! सात-आठ किलोमीटरवर आहे!" साडूंनी गाडी सुरू केलीसुद्धा. वेल्डरनं धावत येऊन थांबवलं. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळापासून जालन्याला पिण्याचं पाणी देतो. आम्ही तिथे नळी घेऊन उतरलो असतो तर हे वर्णन कारागृहातून लिहावं लागलं असतं.

मग भिंतीवर पिवळ्या रंगात नाव-नंबर रंगवलेली जाहिरात दिसली: 'संडास टाकी मशीनद्वारे रिकामी करून मिळेल.' साडूंना मराठी भाषा इतकी गोड कधीच वाटली नव्हती. फोन लावला. टँकरवाला जवळच होता, आला. गाडी त्याची ऐटबाज, पाठीवर मोठी गोल टाकी, बाजूला गुंडाळलेला जाडजूड पाइप, पुढे काचेवर लिंबू-मिरची. त्यानं विचारलं, "किती हजार लिटर?"

"एकशेवीस," साडू म्हणाले.

"एकशेवीस हजार?"

"नाही. एकशेवीस."

त्यानं पाइपावरचा हात काढून घेतला. घाऊक व्यापाऱ्याकडे कोणी पावशेर साखर मागावी तसा त्याचा चेहरा झाला. "साहेब, एवढ्यात माझा पाइपसुद्धा ओला होत नाही. किरकोळ घेत नाही आपण." पूर्ण खेपेचे पैसे देतो म्हटल्यावरही त्याचं मन तयार होईना; अशी कामं घेतली की धंद्यात नाव जातं, म्हणाला.

राज्य सरकारनं 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यात गाड्यांसाठी पार्क, वीज, पाणी, सांडपाण्याची सोय, सगळ्याचा विचार आहे, असं साडू मला रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगत होते. धोरण चांगलंच आहे. पण त्यात टाकी ओतता येत नाही.

शेवटी मार्ग बायकोला सुचला. सासूबाईंचं माहेर अंबड तालुक्यातलं. धाकटे बंधू, म्हणजे आमचे मामेसासरे, अजून तिथे वाडा, मोसंबीची बाग आणि शेततळं सांभाळून आहेत. वाड्याला दोन वर्षांमागे नवा सेप्टिक टँक बांधला, हेही बायकोला ठाऊक होतं. सासूबाई उसळल्या. "माहेरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणतात, म्हणून अशी भरून जाऊ?" पण वास आता शयनगृहापर्यंत आला होता. आम्ही अंबडचा रस्ता धरला. माशाच्या आकाराच्या टेकडीवरची मत्स्योदरी देवी लांबून दिसली. सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले आणि असल्या अवस्थेत दर्शनाला येत नाही, असं देवीला समजावून सांगितलं.

मराठवाड्यात जावई आला की आधी मान, मग कारण. मामेसासऱ्यांनी अंगणात पाट मांडले, दोघांनाही टॉवेल-टोपी दिली, मोसंबीचा रस दिला. साडूंनी टोपी घातली आणि टॉवेल नाकाला बांधत येण्याचं कारण सांगितलं. म्हातारा गृहस्थ क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "जावईबापू, मोटर दाखवा."

पुढचा तास मी विसरणार नाही. साडूंनी ओहायोत जे पुस्तक वाचून मिळवलं, ते या गावातल्या प्रत्येकानं हात भाजून मिळवलेलं होतं. मराठवाड्यातला शेतकरी पंपाबरोबर राहतो. रात्री थ्री फेज आली की उठून स्टार्टर दाबायचा, फूट व्हॉल्व्हमध्ये अडकलेलं बेडूक काढायचं, मोटर जळली की पहाटे तालुक्याला न्यायची. पारावर बातमी पोचली आणि हां हां म्हणता गर्दी जमली. कोणीही 'हे काय आहे' असं विचारलं नाही.

"किती एचपी?"

"पाव," साडू म्हणाले. गर्दीत कोणीतरी फुस्सकन हसलं. तिथे पाच एचपीखाली बोलत नाहीत.

"हेड किती काढते?"

हा प्रश्न मर्मावर होता, कारण सेप्टिक टँक वाड्यामागे, चांगला पुरुषभर उंचीवर. साडूंचा चेहरा उजळला. एवढा चढ ती सहज मारते, हे त्यांनी ज्या अभिमानानं सांगितलं, त्या अभिमानानं त्यांनी स्वतःच्या मुलीचे मार्कही सांगितल्याचं मला आठवत नाही. "कोरडी चालवायची नाही पण," ते म्हणाले, "रबर जळतं." "कोणतीच चालवायची नसते," मागून एक पोरगा म्हणाला. तो नववीत होता.

मामेसासऱ्यांची शंका वेगळीच निघाली. "टाकीत औषध काय घालता?" ते जीवामृत करणारे. पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. जिवाणू जगवणं हा त्यांचा धर्म. फॉर्मॅलिनच्या जातीचं औषध असेल तर सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि मग टाकी कुजायची थांबते, हे साडूंनी सांगण्याआधी त्यांनीच साडूंना सांगितलं. बाटली मागवली, चष्मा लावून वाचली. एन्झाइमचं निघालं. परवानगी मिळाली.

एकानं विचारलं, सेप्टिकमध्ये कशाला, गोबर गॅसमध्येच सोडा की. यात चूक काही नाही. देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासावर चालणारं 'मलप्रभा' गॅस संयंत्र केलं, त्यांना पद्मश्री मिळाली. मामेसासरे सेवा दलातले, ते सगळं त्यांना पाठ. मामींनी स्वयंपाकघराच्या दारातूनच निकाल दिला: "पद्मश्री मिळालेल्या माणसाच्या घरी मी चहा पिईन. माझ्या गॅसवर पाव्हण्यांचं काही येणार नाही."

नळी लावली, झडप उघडली, साडूंनी बटण दाबलं. मोटर 'हूं' म्हणाली आणि गप्प बसली. पुन्हा दाबलं. पुन्हा 'हूं'. फ्यूज उडाला.

अंबडहून रिवाइंडिंगवाला आला, मोटरसायकलवर, खिशात टेस्टर घालून. ही जात मला फार आवडते. ही माणसं यंत्राला आधी कान लावतात आणि मालकाचं ऐकतच नाहीत. त्यानं 'हूं' एकदाच ऐकलं. "वाइंडिंग ठीक आहे. आत काहीतरी धरलंय." मोटरच्या ढुंगणावरचं रबरी टोपण त्यानं नखानं काढलं, आत दांड्याला खाच होती, तीत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि उलटा पीळ दिला. कुठेतरी कर्रर्र झालं. झडप बंद करायला लावून त्यानं लांब बोल्ट सोडले. एवढा वेळ गाडीला चिकटलेली गर्दी कोणी न सांगता वडापर्यंत मागे गेली. पात्यांत बसलेला ऐवज त्यानं चिमट्यानं काढून उजेडात धरला. सुपारीचं खांड. रोठा सुपारी, अडकित्त्यानं अर्धी केलेली, पात्यांना चांगली पुरून उरलेली.

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. साडूंनी संडासात मराठीत पाटी लावली होती: 'यात निसर्गानं दिलेलंच टाकावं.'

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "सुपारी काय कारखान्यात होते?"

रिवाइंडिंगवाल्यानं हात धुतले, नवा फ्यूज टाकला, इंपेलरला करडईच्या तेलाचं बोट लावलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. असली मोटर पहिल्यांदाच खोलली, शिकायला मिळालं, म्हणाला. मला वाटतं, हे काम हातमोज्यांनी, चिमट्यानं, चारचौघांत आणि जावयाच्या गाडीचं म्हणून करता आलं, याचंही त्याला बरं वाटलं असावं. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर या देशाला 1993 साली कायदा करावा लागला आणि तो पुरला नाही म्हणून 2013 साली पुन्हा करावा लागला. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन त्याच्या कितीतरी आधी स्वतः हातात झाडू घेऊन उतरले होते; मामेसासऱ्यांनी त्यांचं नाव काढलं तेव्हा त्या पाव एचपीच्या मोटरकडे मी पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं.

आणि मग ती चालली. मोटरचा आवाज आधी चढा, मग पोटात घास पडल्यासारखा जड. पाइप जमिनीवर ताठ झाला, आळस दिल्यासारखा हलला आणि चढ चढून वाड्यामागे गेला. नववीतला पोरगा सेप्टिकच्या झाकणापाशी उभा राहून धावतं समालोचन करत होता, ते मी इथे देत नाही. तीन-चार मिनिटांत काळी टाकी साफ. गर्दीतून पसंतीचा हुंकार आला. "पाव एचपीच्या मानानं पाणी चांगलं फेकते," एक पागोटेवाले म्हणाले. तिथे याहून मोठं प्रशस्तिपत्र देत नाहीत.

खरं भांडण त्यानंतर झालं. नियम असा, की आधी काळी टाकी काढायची आणि मग करडीचं साबणपाणी त्याच पंपातून, त्याच पाइपातून सोडायचं, म्हणजे सगळं धुऊन निघतं. साडूंनी करडीच्या झडपेला हात घातला मात्र, मामेसासरे आडवे आले. "शंभर-सव्वाशे लिटर पाणी सेप्टिकात घालता? डोकं ठिकाणावर आहे ना?" एका जावयाशी असं बोलल्याचं त्यांना लगेच वाईट वाटलं, पण ते हटले नाहीत. 2012 च्या दुष्काळात त्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन मोसंबीची झाडं जगवली होती, आणि तरीही बागेची एक बाजू सरपणाला गेली होती. तोंड धुतलेल्या पाण्याचा तिथे हिशेब असतो. साडू ओहायोचं पुस्तक दाखवायला लागले. म्हातारा म्हणाला, त्या पुस्तकवाल्याला एक उन्हाळा इकडे पाठवा. तडजोड झाली ती अशी: पंप धुवायला दोन बादल्या, बाकी सगळं परसातल्या केळींना. मामींनी अळूलाही वाटा मागितला, तो मिळाला.

जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. सासूबाई अंगणात पाय पसरून भावाशी बोलत बसल्या होत्या, आणि माहेरी यायला टाकी भरावी लागली, हे आता त्या सगळ्यांना हसून सांगत होत्या. मामेसासरे मात्र अस्वस्थ. हात धुताधुता बोलले, "ही मोटर बॅटरीवर चालते म्हणता?"

"हो, बारा व्होल्ट."

"म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालेल. लाईटची वाट बघायला नको." गोबर गॅसची स्लरी बागेपर्यंत न्यायची त्यांची जुनी अडचण. बादल्यांनी वाहून गडी वैतागतो, मोठा पंप त्या घट्ट मालाला तोंड लावत नाही. साडू घाबरले, मोटर गेली तर संडास बंद. ते मामींना, मेहुणीला, मला पटवून देऊ लागले की मोटरीशिवाय लोणार अशक्य आहे. मेहुणी म्हणाली, "लोणारला लॉज आहेत. भिंतींचे. खाली जमीन असलेले." एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याकडे मागितलेली ही पहिलीच चैन असावी. जावयानं सासुरवाडीला काही देण्याची रीत नाही, म्हणून मोटर 'आठ दिवस वापरायला' ठेवली असं ठरलं आणि गाडीत मोसंबीच्या क्रेट चढल्या. संडासाच्या दाराला साडूंनी स्वतः कुलूप लावलं.

मंठ्यावरून लोणारला पोचलो. सरोवर खरंच डोळ्यांत मावत नाही. काळ्या बसाल्टात उल्केनं पाडलेला पावणेदोन किलोमीटरचा खड्डा, तळाशी खारं पाणी, तेच 2020 साली गुलाबी झालेलं. गाईड मोठ्या रंगात आला होता. उल्का किती वेगानं आली, दगड कसे वितळले, सगळं हातवारे करून सांगत होता. इतक्यात साडूंचा फोन वाजला.

"जावईबापू," पलीकडून आवाज इतका खणखणीत की सगळ्या कठड्यानं ऐकावा, "मोटर नुसती हूं करू राहिली. स्लरीत कडब्याच्या काड्या असत्यात, त्या चालत नाहीत का हिला?"

"मागचं टोपण काढा!" साडू दरीच्या काठावरून ओरडले. "खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घाला. उलटं फिरवा. उलटं! नाही, नाही, झडप आधी बंद करा! मामा, झडप!"

शाळेची एक सहल आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. गाईडनं उल्का तशीच अधांतरी ठेवली, थोडा पुढे आला आणि मला हळूच विचारलं, "किती एचपीची आहे?"